मशीन बायकोच्या मांडीवर, अन् पेपर चालू

मंडळी, मी अशा गोष्टी मानत नाही. गावात कोनी म्हनलं का चिंचेखाली बाई दिसली, तर मी इचारतो, "दिसाले कशी होती?" इतका नालायक. पन आता माह्यावरच पाळी आली, म्हनून लिहून रायलो. हसा... पन पुरं वाचून हसा.

शिक्षण नववी नापास. गोरेगाव तालुक्यात आमच्याकडं एक लहान संस्था हाय, खेड्यातल्या बायांले पेशंटची सेवा कराचं काम शिकवते. मी तिथं इन्व्हर्टर बसवाले गेल्लो. संस्थेच्या मॅडम म्हनल्या, "परसू, त्या कम्प्युटरची वायर पण बघ रे जरा." तवापासून वायर पाहूनच रायलो! धडे, व्हिडिओ, सराव, परीक्षा, सगळी वेबसाइट त्या एका सीपीयूत. मोठ्या लोकायचं क्लाऊडमधी असते म्हनतात, आमचं टेबलाखाली होतं. बाजूले झाडू.

त्या दिवशी बायायचा शेवटचा पेपर होता, दुपारी बाराले, आपापल्या मोबाइलवर. पास होईल तिले नागपूरच्या एका दवाखान्यात नोकरी. मॅडम तिथंच साहेबायजवळ जाऊन बसल्या होत्या. अन् पेपर देनाऱ्यात माही सख्खी बहीन होती, लता. जावई वारले, पदरी एक पोरगी, सालेकसाकडं कचारगडच्या अंगाले राहते, लोकायच्या बांधीत धानाचा रोवना करते. दवाखान्याले वयाची अट. तिले हेच साल शेवटचं.

सकाळी सरावाचा पेपर लटकून रायला होता. यूट्यूबवाला म्हने नवीन व्हर्जन टाका, ठीक होते. शहाणा मानूस परीक्षेच्या दिवशी हात लावते का? मी लावला.

आमची साइट गिटनं अपडेट होते. गिट म्हनजे प्रोग्रामात काय जुनं, काय नवीन, याचा हिशेब ठेवनारा मुनीम समजा. मी म्हनलं नवीन आन. तो अडला. म्हने तुम्ही इथं हातानं काहीतरी बदललं हाय. बदललं होतं! लॉगिनच्या पानावर मी गनपती बसवला होता. मग व्हिडिओत पाहून मी त्याले दोन हुकूम देल्ले. एक, सगळं पहिल्यासारखं कर. दोन, जे तुले मालूम नाही ते झाडून काढ.

आता माही अक्कल पाहा. धडे अन् फायलींचा फोल्डर प्रोग्रामच्या बाहेर ठेवा, असं प्रोग्रामसंगच्या सूचनेत पहिल्या दिवसापासून लिहून होतं. मी म्हनलं, काऊन बा? धानाची कोठी कोनी घराबाहेर ठेवते का? कोठी घरातच पाहिजे. म्हनून आतच ठेवली. गिटले थे कोठी मालूमच नव्हती. त्यानं घर झाडलं अन् कोठीही झाडून नेली!

बॅकअप होता नं. व्यवस्थित होता. त्याच कोठीत.

साइट उघडली तं पांढरं पान. मी घामानं निथळून रायलो. मॅडमले फोन लावाची हिंमत होईना. गोंदियाच्या एका दुकानदाराले लावला, थो उडालेल्या फायली परत काढून देते.

थो वरडलाच. "भैया, कुछ मत करो! मशीन बंद करो, वायर निकालो, जैसी है वैसी लेके आओ. चालू रखोगे तो बचा-खुचा भी जाएगा."

वायर उपसली. माही बायको सुनंदा संस्थेतच स्वयंपाकाले हाय, तिले गाडीवर मागं बसवली अन् सीपीयू तिच्या मांडीवर देल्ला. खड्ड्याचा धक्का लागू नये म्हनून तिनं शालीत गुंडाळला. रस्त्यानं एक म्हातारी म्हने, "लेकराचं तोंड तं झाकू नोको, बाई!"

सुनंदा मागून म्हने, "अवो, वेळ किती झाली?"

"नोको इचारू."

"बारा वाजून गेले नं?"

"गेले."

"मंग लताबाई तिकडं टेकडीवर जाऊन बसल्या असतीन. रेंज तिथंच येते."

डोळ्यात कचरा गेला म्हनून गाडी हळू केली. हेल्मेट घातलं होतं, कचरा कुठून जाईल?

"रडता कायले? रडून फायली येतात का?" असं म्हनून तीच रडाले लागली.

खिशातला फोन वाजून वाजून बंद होय. लताचाच असन. उचलून काय सांगू? बाई, तुह्या भावानं तुही नोकरी झाडून टाकली? मनात आलं, गाडी अशीच समोर नेऊ, बालाघाटाकडं निघून जाऊ, कोनाले तोंडच दाखवू नये.

गोंदियाजवळ, फुलचूरच्या अलीकडं सुनंदानंच मागून माह्या खिशात हात घातला अन् फोन उचलला. मी गाडी थांबवली. तिनं स्पीकर लावला.

"दादा, पेपर झाला माहा!" लता.

मले वाटलं, धक्क्यानं पोरगी भरमली.

"कोनता पेपर, बाई?"

"कोनता म्हनजे? आपला! पहिले पांढरं पान आलं, म्हनून तुले लावत होती. मंग आपोआप उघडलं. चांगला गेला. तुह्या मशीनचं गनपतीचं पान किती छान दिसते रे!"

थो गनपती मी सकाळीच झाडला होता.

सुनंदानं शाल उघडून पाहिली. सीपीयू मांडीवरच. वायर तिच्या पिशवीत, टिफिनच्या डब्याखाली. हात लावला तं मशीन थंड. दिवा नाही, पंखा नाही, काहीच नाही. तेवढ्यात आनखी एका बाईचा फोन. "परसूभाऊ, माहा झाला." मंग आनखी एक.

दुकानदारानं मशीन उघडली, डिस्क काढून आपल्या कम्प्युटरले लावली. कोठी खरंच गेली होती, त्यातलं अर्धंमुर्धं त्यानं मंग काढलं. पन उत्तरं अन् मार्क दुसऱ्या जागी राहतात, डेटाबेसात. तिथं झाडू पोचला नव्हता. थो पाहत बसला अन् माह्याकडं वळला.

"भैया, ये सब अभी का है. मशीन चालू थी क्या रास्ते में?"

"नही."

"तो ये लिखा किसने?"

सुनंदानं हात झटकले, जसं तिनंच लिहिलं.

सगळ्या बायायचा पेपर होता. लताचाही. बारानंतरची वेळ, जवा आमी रस्त्यानं धक्के खाऊन रायलो होतो.

संध्याकाळी मॅडमचा फोन. आवाज खूश. "परसू, इथले साहेब विचारतायत, परीक्षेच्या वेळी सर्व्हर नीट चालू होता ना? मला त्यांना तसं सांगावं लागेल."

सुनंदा माह्याकडं पाहून रायली. नाही म्हनलं तं पेपर रद्द, लताचं साल गेलं, वय गेलं. हो म्हनलं तं मॅडमसारख्या मोठ्या मानसाच्या तोंडून खोटं बोलवलं. शेवटी जे होतं थे बोललो.

"मॅडम, सर्व्हर बंद होता. सुनंदाच्या मांडीवर होता, फुलचूरच्या रस्त्यावर. पेपर मात्र झाला."

मॅडम अशा हसल्या, अशा हसल्या... "परसू, तुझं ना काही खरं नाही! बरं, चालू होता म्हणून सांगते." फोन ठेवला.

जिंदगीभर मी जोक मारतो तं कोनी हसत नाही. एकदा खरं बोललो!

तवापासून मी शिकलेल्या पोट्ट्यायले इचारतो. एक म्हने मोबाइलमधी पहिले उघडलेलं पान साचून राहते. साचलेलं पान मार्क देते का? अन् थे मार्क बंद डिस्कमधी येऊन बसतात का? दुसरा म्हने मशीनचं घड्याळ चुकलं असन. दुकानदारानं थेच पहिले पाहिलं होतं, बरोबर होतं. तिसरा म्हने, भाऊ, कोनती घेतली होती? गाडीवर बायको होती बाबू, घेईन कसा? तुमच्यापैकी कोनाले समजत असन तं सांगा. मस्करी नोको करजा, थे माही मी करून घेतो.

लता आता नागपूरले दवाखान्यात हाय, पोरीलेही घेऊन गेली. कधी कधी इचारते, "दादा, पेपराच्या दिवशी तुहा आवाज असा काऊन झाला होता?" मी म्हनतो सर्दी होती. तिले अजून सांगितलं नाही. सांगू तरी काय? पेपर तिनंच सोडवला, मेहनत तिचीच, हे शंभर टक्के खरं.

कुठं सोडवला, हे मले आजवर मालूम नाही.