मंडईचा पडदा आणि माझी सोयरीक

आमच्या गडचिरोलीकडे चित्रं काढणाऱ्याला पेंटर म्हणत आणि पेंटरला रिकामटेकडा. मी दुकानांच्या पाट्या रंगवायचो, ट्रकांच्या पाठीवर मोर काढायचो. त्यावर पोट भरायचं. गावच्या नाटकाचे पडदे मात्र लष्कराच्या भाकऱ्या. "गडचांदूरले सिमेंटच्या कारखान्यात लाग," हे आई रोज भातासोबत वाढायची. मी ऐटीत सांगायचो, मी माझा मालक आहे! मालकाची चप्पल तारेनं बांधलेली असायची, ती गोष्ट वेगळी.

गावात तेव्हा टीव्ही आला नव्हता. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा भरायची आणि तिला घरोघर पाहुणे यायचे. दिवसा बाजार फिरायचे, रात्री नाटक बघायचे आणि मधल्या वेळात पोरापोरींच्या सोयरिकी जमवायचे. त्या वर्षी आमच्याकडे माजरीच्या कोळसा खाणीत नोकरीला असलेले एक गृहस्थ आले, त्यांना सगळे भाऊ म्हणत. त्यांची मुलगी मी पाहून आलो होतो. खरं सांगतो, इतकी आवडली होती की नाटकाच्या पडद्यावरच्या राजवाड्याच्या खिडकीत मी तिलाच उभं केलं. बापाला शंका एकच, पोरगा कमावतो का?

"त्याले फुरसतच नाई जी," आईनं सांगून टाकलं. "लोकं घरी येऊन काम देऊन जातेत." भाऊंना अर्धंअधिक पटलं होतं.

उरलेलं पटवायला मी नाटक मंडळाच्या अध्यक्षांना गळ घातली, भोंग्यावर माझं नाव घ्या, पाहुणे ऐकतील. दुपारी भर बाजारात त्यांनी माईक धरला.

"हा पडदा पाहा! आपल्याच गावच्या पोरानं काढला. एक पैसा नाई घेतला, रंगबी सोताचा! हाताले कामधंदा नाई, पण घरी बसून नाई राह्यला. अशी पोरं पाह्यजेत गावाले!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार पडला. भाऊही टाळ्या वाजवत होते आणि वाजवता वाजवता त्यांचा चेहरा उतरत होता. आईनं पदर तोंडाला लावला. मला तर त्या भोंग्यातच तोंड खुपसावंसं वाटलं. अध्यक्ष मात्र खुशीत, "काऊन, झालं ना नाव?"

पाहुणे नाटकाला थांबले नाहीत. संध्याकाळची एसटी धरून गेले.

उन्हाळ्यात त्यांचाच निरोप आला. मुलीचं खाणीतल्या क्लार्कशी ठरलं होतं आणि मांडवाच्या दाराशी नवरानवरीची नावं काढून हवी होती. "तुले काय, हौसच आहे," असंही कळवलं होतं. संताप आला. तरी रंगाचे डबे घेऊन गेलो. ती एकदा दिसेल म्हणून गेलो, दुसरं काय! ती दिसली नाही. नवऱ्याचं नाव झोकात उतरलं. तिचं लिहिताना मात्र शेवटचं अक्षर वाकडं आलं. मी ते पुसायला निघालो, तर भाऊंनी मला थांबवलं.

"राहू दे बापा," ते समजुतीनं म्हणाले, "फुकटाचं काम असंच राह्यते."