लाथा खाऊन उभा राहील तो तंबू

भावजयीने आपल्या नणंदेला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नणंद एका तंबूला लाथा घालत होती. लग्न नुकतंच ठरलेलं, आणि होणारा नवरा मोठ्या हौसेने तिला ताईच्या कामाच्या जागी घेऊन गेला होता. भावजय आता हसून हसून लोळत कबूल करते, की तिला वाटलं हिला झटके येतात आणि घरच्यांनी आपल्यापासून लपवून ठेवलंय. परतताना तिने हळूच विचारलंही होतं, औषध चालू आहे ना म्हणून.

औषध कसलं डोंबलाचं! बाईंचा धंदाच तो. तंबू भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या मागे पत्र्याची शेड, तिथे परत आलेला प्रत्येक तंबू ताई उभा करायची आणि त्याच्यावर तुटून पडायची. दांड्यांना लाथा, दोऱ्यांना लोंबकळून हिसके, शिवणीवर भरलेली बादली. टिकला तो गिऱ्हाइकाकडे, फाटला तो शिलाई मशीनखाली. निसटलेल्या दांड्याने एकदा तिची भुवई फोडलेली, दोन नखं हातोडीने काळीठिक्कर. शेडमधले लोक तिला 'तोडफोड' म्हणायचे. पाठीमागे हं. एकाने तोंडावर म्हटलं, तर त्याला तंबूत बसवून हिने सगळ्या दोऱ्या सोडून दिल्या आणि वरून दोन रट्टे घातले.

भावजयीची मुलगी आठ महिन्यांची झाली, तेव्हा सगळे मिळून तळ्याकाठी राहायला गेले. ताई पाणी आणायला गेली तेवढ्यात भावाने तंबू लावला. साहेबांना वाटलं, बहीण तंबूवाली म्हणजे आपल्यालाही रक्तातूनच येणार. मोठ्या झाडाखाली गार सावली बघितली, खुंट्या विजेच्या खांबांसारख्या सरळ ठोकल्या, दार वाऱ्याच्या तोंडाला ठेवलं, आणि बाळाला आत झोपवून दाराशी पाय पसरले.

ताई आली. तिने आधी वर पाहिलं. तंबूच्या नेमकी वर मांडीएवढी जाड वाळकी फांदी. मग तळ्याच्या पलीकडे पाहिलं. तिकडून धुळीची पिवळी भिंत चालून येत होती. तिने शांतपणे सांगितलं, पोरीला बाहेर काढा, तंबू हलवायचाय. भाऊ म्हणाला, सगळीकडे तुझी शेड समजू नकोस, बाळ आत्ताच झोपलंय. आणि दार अडवून उभा राहिला.

ताईने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की झाडावरचे कावळे उडाले. त्यानेही मागचापुढचा विचार न करता तिला ढकललं. ती खुंटीवर तोंडघशी पडली, ओठ फाटला, हनुवटीवरून रक्त ओघळलं. उठली, थुंकली, आणि डोकं खाली घालून थेट त्याच्या पोटात घुसली. तो मटकन खाली बसला. मग तिने रक्ताळलेलं तोंड भावजयीकडे वळवलं.

"तुला काय वाटतं ते बोल. पण पोरगी हातात घेऊन बोल."

भावजयीने क्षणभर नवऱ्याकडे पाहिलं. मग त्याच्या पायांवरून उडी मारून आत शिरली आणि पोरीला उचललं.

पुढचं सगळं झटापटीतच झालं. ताईने खुंट्या उपटल्या, तंबू मेलेल्या जनावरासारखा उघड्या उंचवट्यावर ओढत नेला, वाऱ्याकडे पाठ करून उभा केला. खुंट्या आता तिरक्या, डोकं तंबूपासून लांब झुकलेलं, रुसलेल्या जावयासारखं. शेवटची ठोकते न ठोकते तोच वारा आदळला. कापडावर कुणी काठ्या हाणाव्यात तसा आवाज. एक दोरी सुटली, लोखंडी कडी सपकन भावाच्या गालावर बसली, तरी त्याने धावत जाऊन ती धरली. तळहातांची साल निघाली, पण सोडली नाही. आत भावजय पोरीवर पालथी पडून राहिली.

आणि मग ती फांदी आली. तंबू आधी होता तिथेच, हातभर मातीत घुसली. मागे राहिलेल्या स्टोव्हचा पार चपटा पत्रा झाला. भाऊ त्या पत्र्याकडे बघत राहिला आणि भडाभडा ओकला. ओठ फाटलेल्या ताईने त्याची पाठ चोळली.

आता एवढं झाल्यावर माणूस गप्प बसेल की नाही? पण मोठं भांडण हरलेल्याला छोटं तरी जिंकायचं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आल्यावर, गालावर पट्टी आणि हातांना फडकी बांधून भाऊ तंबू पिशवीत कोंबायला लागला. ताई म्हणाली, रात्रीच्या पावसाने ओला आहे, असाच ठेवलास तर आठ दिवसांत बुरशी धरेल आणि कापड सडेल. हा म्हणाला, खडखडीत कोरडा आहे.

ताईने वाद घातला नाही. तंबू उचलला, त्याच्या गादीवर अंथरला, वर चादर टाकली.

"कोरडा आहे ना? मग झोप."

तो हट्टाने आडवा झाला. भावजय पोरीला मांडीवर घेऊन दारातून बघत होती. थोडा वेळ गेला. त्याने कूस बदलली. मग दुसरी. मग तो उठला, पाठीला चिकटलेला शर्ट सोडवला आणि तंबू काखोटीला मारून निमूट गच्चीकडे निघाला.

"थोडासाच आहे," तो जाता जाता पुटपुटला.

"हो, थोडासाच," ताई म्हणाली. "चिमटे खिडकीत आहेत. आणि वाळला की चिखल ब्रशने काढ."