विहिरीतला लाल ठिपका

माझा धाकटा भाऊ प्रत्येक लग्नमंडपात सांगत असतो, की नरखेडच्या आमच्या बागेत संगणकाने आपली चूक आपणच सुधारली आणि मी तेवढा रडत विहिरीकडे धावलो. मी धावलो, हे मान्य. बाकी सर्व खोटे.

माझी मुलगी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते. हरवलेले जनावर शोधण्यासाठी तिने बागेतल्या झाडांना आणि मोटारीच्या खोलीवर बिनतारी सेन्सर बांधले होते. बॅटरी वाचावी म्हणून एका वेळी तीनच जागे राहत. कोणते, हे संगणक ठरवी. त्या सकाळी परीक्षक आले होते. चाचणी फसली असती, तर तिचे वर्षभराचे काम नामंजूर झाले असते. जनावराच्या जागी कमरेला सेन्सरांना खूण पाठवणारे यंत्र बांधून भाऊ झाडांत शिरला.

थोड्याच वेळात संगणकाच्या पडद्यावर भावाची जागा दाखवणारा लाल ठिपका थेट विहिरीत जाऊन बसला.

मी धावलो. विहिरीतले पाणी स्तब्ध होते. "कुठं हायस गा?" मी ओरडलो.

धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, पलीकडून उत्तर आले, "मी इथं संत्रं खाऊन राहिलो, दादा! तू काहून बोंबलून राहिला?"

मी परत येऊन मुलीला विचारले, "जागे कोणते हायेत?"

"सर्वांत जवळचे तीन, बाबा."

तिन्ही धुऱ्यावरचे, एका सरळ ओळीतले! त्यांना माणूस किती दूर आहे हे कळत होते. धुऱ्याच्या कोणत्या अंगाला आहे, हे कसे कळावे? एका अंगाला विहीर, तेवढ्याच अंतरावर दुसऱ्या अंगाला भाऊ.

"अवं, यातला एक झोपव अन् मोटारीच्या खोलीवरचा उठव. दूर असला तरी चालते."

तिने कळ दाबली. ठिपक्याने विहिरीतून उडी घेतली, तो थेट संत्र्याखाली!

"आता मी कुठं हावो, सांग!" भाऊ ओरडला.

"कडुलिंबाखाली!"

"आता?"

"मोसंबीत! अन् दम लागला तुले, थांबला!"

आम्ही सारे पोट धरून हसत होतो. इतक्यात ज्येष्ठ परीक्षकांनी परत आलेल्या भावाच्या कमरेचे यंत्र सोडवून स्वतःच्या कमरेला बांधले आणि ते धोतर सावरत झाडांत पळाले. "आता मला शोधा!"

मुलीने दर वळणाला वेगवेगळ्या बाजूंचे तीन सेन्सर उठवले. ठिपका एकदाही चुकला नाही. मंजुरीची सही त्यांनी मोसंबीच्या आळ्यात उभे राहून, धापा टाकत केली.