जड शब्दांची बाई

तिला सगळे शब्दबाई म्हणायचे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत ती इंग्रजी शब्दांचा क्लास घ्यायची. साधेसुधे नव्हेत हं, भारी शब्द! कुणी 'बिग' म्हटलेलं तिला खपायचं नाही, 'सबस्टॅन्शियल' म्हणा! नाहीतर डस्टर टेबलावर आपटलाच. भाबडी होती बिचारी. तिला मनापासून वाटायचं, चार वजनदार शब्द तोंडी आले की आपल्या क्लासातल्या पोरींना कुणी हिडीसफिडीस करणार नाही.

अशा भाबड्यांना वापरून घेणारे टपलेलेच असतात. डोळ्यांच्या दवाखान्याच्या मॅनेजरने तिला बोलावून घेतलं. "ऑपरेशन पुढे ढकललंय म्हटलं की लोक काउंटरवर अंगावर येतात. आमच्या मुलींना जरा वरच्या दर्जाचं इंग्रजी शिकवा." बाई हुरळली. तिने झकास वाक्य बसवून दिलं, "युअर प्रोसीजर स्टँड्स प्रोव्हिजनली डिफर्ड." म्हणजे काय, तर ऑपरेशन तूर्त पुढे ढकललंय, एवढंच! वर ताकीद, की म्हणताना हसायचं. झालं, भांडणं बंद! मॅनेजर खूश आणि बाई त्याहून खूश.

बाईला लहानाची मोठी केली तिच्या आत्याने. आत्याचा एक डोळा कधीच गेलेला, उरलेल्यालाही धूसर दिसायला लागलेलं. लवकर ऑपरेशन करा, नाहीतर हाही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाईला क्लासमुळे जमेना, म्हणून आत्या तारीख घ्यायला एकटीच गेली. आली ती हसतच.

"झालं गं काम! काय गोड बोलते ती काउंटरवरची पोर!"

"तारीख कधीची दिली?"

"ते इंग्रजीत सांगितलं बाई. प्रोव्हिजनली की काय, पुढे डिफर्ड. मी आपली मान हलवली."

"अगं, मग विचारायचं नाही का?"

"एवढं छान बोलणाऱ्या माणसाला परत काय विचारायचं? अडाणी म्हणाली असती मला. कळवतील की ते."

बाईने आपलं वाक्य ओळखलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मॅनेजरसमोर उभी राहिली.

"अहो, चिडताय काय?" तो म्हणाला. "मशीन बिघडलंय. कधी दुरुस्त होईल देव जाणे. तोवर पेशंट दुसरीकडे जायला नकोत ना! तुमच्या वाक्याने सगळं कसं शांत झालंय. तुमच्या आत्यासुद्धा हसत गेल्या."

तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. जाणार नाही तर काय! म्हातारीचा डोळा चाललाय आणि हा गृहस्थ शांततेचं कौतुक सांगतोय! "लाज वाटत नाही तुम्हाला?" असं ओरडून ती तडक बाहेर काउंटरपाशी आली. तिचीच विद्यार्थिनी तिच्याकडे बघून, शिकवल्याप्रमाणे हसली. बाईला ते हसू बघवेना.

"ऐका हो सगळे!" बाकांवरच्या माणसांना ती म्हणाली. "इथलं मशीन बंद पडलंय. ऑपरेशन होणार नाही. वाट बघत बसू नका, दुसरा दवाखाना गाठा!"

एकच गलका झाला. त्यातून काळा चष्मा लावलेले एक आजोबा भिंत चाचपत तिच्यापर्यंत आले.

"बाई, मलाही ही पोर असंच काहीतरी गोड बोलली होती. मी मान हलवून घरी गेलो, वाट बघत बसलो. आता काहीच दिसत नाही. तेव्हा काय म्हणाली होती हो ती?"

बाईला ते सांगावं लागलं.