धुतलेली काच

आज हॉस्टेलच्या मोरीत कुणीतरी गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकला आणि त्या वासाने मी कळंबला पोचले, रहीमचाचांच्या फोटो स्टुडिओत. तेव्हापासून अभ्यासात लक्ष नाही.

त्या वर्षी, लहान असताना, मी कॉन्व्हेंटमधून कळंबला सुट्टीला आले होते. एका सिनेमातल्या गाण्यात नटी कुंडाच्या पायऱ्यांवर बसली होती, आणि ते कुंड आपल्या चिंतामणीच्या देवळातलंच, असं सगळ्या कळंबने ठरवून टाकलं होतं. ते खरं नव्हतं. तरी लोक त्या पायऱ्यांवर तिच्यासारखी मान वाकडी करून फोटो काढून घेत, आणि जाताना चाचांकडून त्या नटीची काच लावलेली तसबीर विकत नेत.

चाचांच्या वडिलांनी त्याच पायऱ्यांवर माझ्या आईचा, ती लहान असताना, फोटो काढला होता. आई गेल्यावर तिचा तेवढाच फोटो उरला होता, तोही चाचांकडच्या जुन्या काचेच्या निगेटिव्हवर. बाबा मला घेऊन तो मागायला आले होते.

"त्या जुन्या काचा? धुतल्या ना भाऊ," चाचा म्हणाले. "सोड्यात टाकल्या का साफ होतात. लोक तसबिरी मागून राह्यले, बिनकाचेची देऊ का हिरोईन?" मग माझा चेहरा पाहून आवाज उतरला. "मले काय मालूम बेटी, त्यात तुही माय होती."

भिंतभर तीच नटी हसत होती. यांतली आईची काच कोणती, हे चाचांनाही सांगता आलं नसतं.

अजूनही कुणाच्या घरी ती तसबीर दिसली की मी नटीकडे बघत नाही, काचेकडे बघते.