पळाला अडीच कोस

"स्वल्प थांबा," असं म्हणून अण्णा डोळे मिटायचे आणि त्यांचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागायचा. आम्ही पुण्याहून आलेले पदवीधर चहाचे कप हातात धरून वाट बघत बसायचो. "प्रकाशाचा वेग ना? पळाला सव्वाबावीस लाख कोस. बरोबर, सरी?"

बंगळूरच्या आमच्या प्रयोगशाळेत अण्णा मदतनीस होते. घराणं तीनशे वर्षं इथलंच, मराठीत निम्मं कानडी. चोवीस सेकंदांचा पळ आणि दोन मैलांचा कोस त्यांना आजोबांनी शिकवलेला. विज्ञानातला कुठलाही आकडा द्या, ते मण-शेर-हातांत आणून ठेवणार! एक घनहात पाणी? अडीच मण. आम्ही पोट धरून हसायचो. मग मी गुपचूप कागदावर ताडून बघायचो. एकदाही चुकले नाहीत हो!

रोज चारच्या चहाला ही फर्माईश करणारा मीच. मला ते "काय पुणेकर" म्हणायचे.

मग तंत्रसहायकाची जागा निघाली. अण्णांचा जीव तिच्यात अडकला होता. जागेबरोबर आवारात घर मिळणार होतं, आणि के. आर. पुरमहून रोज चार कोस सायकल हाणणं सुटणार होतं. पन्नाशी उलटली होती त्यांची.

मुलाखतीला टिपणं घ्यायला मला बसवलं होतं. मेट्रिक मापं नुकतीच आली होती आणि दिल्लीहून आलेले साहेब त्या बाबतीत भलतेच कडक.

"हवेत आवाजाचा वेग किती?" साहेबांनी विचारलं.

अण्णा गांगरले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे मिटले, अंगठा पेरांवर गेला.

"पळाला अडीच कोस, सर."

साहेब हसले. बाकीचेही हसले. आणि काय सांगू, मीही हसलो. उत्तर बिनचूक आहे हे त्या खोलीत मला एकट्याला ठाऊक होतं. "साहेब, हिशेब बरोबर आहे," एवढे चार शब्द! पण नोकरी नवी होती. खाली मान घालून मी लिहिलं, "उत्तर चूक."

जागा दुसऱ्याला गेली. दुसऱ्या दिवशी चहाला मी उसनं अवसान आणून विचारलं, "अण्णा, चंद्र किती कोस?"

"पुस्तकात आहे, सर."

पुणेकर त्यांनी मला पुन्हा कधी म्हटलं नाही.

पाच वर्षांनी ते निवृत्त झाले. माफी मागायची म्हणून मी फाटकापर्यंत मागे गेलो, आणि तोंडातून भलतंच आलं, "अण्णा, घर किती लांब हो इथून?"

हात हँडलवर होते. अंगठा हलला नाही.

"तेरा किलोमीटर, सर," म्हणाले, आणि सायकलवर टांग टाकून निघून गेले.