टाकीच्या तोंडाशी मारलेल्या हाका

टाकीच्या तळाशी गाळ कधी साठला, ते कुणालाच कळत नाही. वर पाणी स्वच्छ दिसतं, आणि खाली उतरलं की घोट्यापर्यंत चिखल. आमच्या धंद्यातल्या किश्शांचं तसंच झालंय. धंद्याला वर्षही झालं नाही, तरी चार बायका जमल्या की म्हणतात, "मंगल, तो उंदराचा सांग ना." मी सांगते, त्या पोट धरून हसतात. सांगताना मला अजून भीती वाटते, ती काही त्यांना दिसत नाही.

मी मुळात भित्री. माझा नवरा प्रकाश बोईसरच्या एमआयडीसीत एका ठेकेदाराकडे होता. केमिकलच्या रिकाम्या टाक्यांत उतरायचं आणि त्या आतून घासायच्या, हे त्याचं काम. एकदा त्याच्या जोडीदाराला टाकीतून बेशुद्ध बाहेर काढलं. माणूस वाचला, पण अजूनही एक जिना चढताना दोनदा बसतो. त्या संध्याकाळी मी प्रकाशला म्हटलं, "बास. उद्यापासून जायचं नाही."

"टाकी घासण्याशिवाय मला येतं काय?" तो म्हणाला.

मग घरांच्या पाण्याच्या टाक्या घासू, असं ठरलं. कुंभवलीतल्या आमच्या खोलीच्या दारावर पाटी लागली. आणि आमच्या दोघांत एक बोली झाली. दिवाळीपर्यंत दर सहा महिन्यांनी बोलावणारी पंचवीस घरं मिळाली, तर हाच धंदा. नाही मिळाली, तर तो परत ठेकेदाराकडे जाणार. मी कॅलेंडरच्या मागे एक ते पंचवीस आकडे लिहिले आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

*

पहिला फोन बोईसरमधल्या एका सोसायटीतून आला. सेक्रेटरी मोठे अगत्याचे. चहा मागवला, खुर्च्या दिल्या.

"अनुभव किती?"

"पंधरा वर्षं," प्रकाश म्हणाला.

"वा! आणि कुठल्या टाक्या?"

प्रकाश खोटं बोलत नाही. या धंद्यात हा त्याचा मोठा दोष. "ॲसिडच्या. मधूनमधून सॉल्व्हंटच्या."

सेक्रेटरींनी कप खाली ठेवला आणि प्रकाशच्या गमबुटांकडे बघितलं. बूट कोरे करकरीत होते, आदल्या दिवशी मीच बाजारातून आणले होते. पण साहेबांची नजर काही त्यांच्यावरून हलेना.

"आमच्याकडे पाणी असतं हो," ते म्हणाले. "कळवतो."

अजून कळवतायत.

*

आता हाकेचं सांगते. कारखान्यात नियम असतो. आत माणूस उतरला की टाकीच्या तोंडाशी दुसरा माणूस उभा राहतो. त्याने दुसरं काही करायचं नाही. तीसपर्यंत आकडे मोजायचे, आतल्याला नावाने हाक मारायची, आतून "आहे" असं उत्तर आलं की पुन्हा एकपासून सुरुवात. उत्तर नाही आलं, तर त्याच्या कमरेचा दोर ओढायचा. जोडीदाराच्या वेळी हा वरचा माणूस चहाला गेला होता.

म्हणून आमच्या धंद्यात वरचा माणूस मी.

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण नवऱ्याला नावाने कधी हाक मारली नव्हती. "अहो म्हटलं तर चालेल का?" मी विचारलं. तो म्हणाला, "अहो म्हणजे कुणीही. आत डोकं जड झालं ना, की माणूस फक्त स्वतःच्या नावाला उठतो." त्यानंतर माझा नाइलाज झाला. तेव्हापासून जीभ अशी सैल झालीय, की इथे बोलतानाही 'तो' आणि 'प्रकाश'च येतं तोंडात.

पहिल्याच चाळीत गच्चीवरच्या टाकीपाशी मी उभी राहिले आणि ओरडायला लागले. "प्रकाश!" तीस आकडे. "प्रकाश!" भीतीने आवाज फाटत होता. दहा मिनिटांत खालून माणसं जिन्याने धावत आली. एकाच्या हातात बांबू, एकाच्या हातात बादली. माणूस बुडाला, असा खाली बोभाटा झाला होता. तेवढ्यात प्रकाशने ब्रश घेऊन डोकं वर काढलं. खालच्या खोलीत कारखान्यातले एक भैयाजी राहत होते. ते मला बाजूला घेऊन हात जोडून म्हणाले, "भाभी, एक बात बोलूँ? आदमी काम कर रहा है। इतना मत डाँटिए।"

चाळमालकांनी काम चांगलं झाल्याचं कबूल केलं. "पण पुढच्या वेळी गप्प बसून करणार असाल तर या," असंही म्हणाले. गप्प बसणं जमणार नव्हतं. ते घर गेलं.

*

उंदराचा किस्सा पालघरचा. एक निवृत्त शिक्षिका, बंगला टापटीप, अंगणात तुळस, माठावर विणलेलं झाकण. प्रकाश टाकीत उतरला आणि थोड्या वेळाने आतून म्हणाला, "मंगल, पिशवी दे." मी पिशवी सोडली. वर आली तेव्हा तिच्यात एक उंदीर होता, बऱ्याच दिवसांपूर्वी मेलेला.

मी हळूच म्हटलं, "सांगू नकोस. घर जाईल."

"ते पाणी प्यायल्यात त्या," तो म्हणाला आणि सरळ जाऊन सांगितलं.

बाई आधी पांढऱ्या पडल्या, मग लाल झाल्या. "आमच्या टाकीत? शक्यच नाही. हा तुम्हीच आणला असणार पिशवीतून."

आता पोलिसांत देतील, असं मला वाटायला लागलं. प्रकाश शांतपणे म्हणाला, "बाई, मी आणला असता तर ताजा आणला असता."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग मटकन खाली बसल्या, आणि उठल्या त्या आमचा नंबर भिंतीवर लिहायलाच. कॅलेंडरवरचं ते पहिलं घर.

*

भूकंपाचे धक्के आपल्याकडे अधूनमधून बसतात. लोक बाहेर येतात, एकमेकांना विचारतात आणि परत आत जातात. कुंभवलीतल्याच एका घरी प्रकाश स्वयंपाकघरातल्या जमिनीखालच्या टाकीत होता. मी सतराला पोचले होते, तेवढ्यात मांडणीवरची भांडी खडखडली. घरातली सगळी माणसं बाहेर पळाली. मी टाकीच्या तोंडावर पालथी पडले आणि दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला, जणू माझ्या धरण्याने जमीन थांबणार होती.

सगळं शांत झाल्यावर घरमालक परत आले. "वहिनी, तुम्ही बाहेर का नाही आलात?"

खालून प्रकाशचा आवाज आला, "मंगल, तीस झाले की गं. हाक का नाही मारलीस?"

त्या घराने लगेच सहा महिन्यांनंतरची तारीख ठरवून दिली. मला मात्र आठवडाभर ताप होता.

*

दिवाळी आठ दिवसांवर आली, तेव्हा कॅलेंडरवर अठरा घरं झाली होती. ठेकेदाराचा फोन येऊन गेला. प्रकाशने जुनं हेल्मेट पुसून खुंटीला लावलं. ते हेल्मेट बघून मला जेवण जाईना.

अशात तारापूरहून यमुनामावशींनी बोलावलं. मासे विकणारी म्हातारी, आवाज असा की किनाऱ्यावरून होडीत पोचावा. टाकी जमिनीखाली, खोल. आम्ही झाकण उघडून हवा जाऊ दिली, मेणबत्ती सोडून बघितली, ती नीट जळाली. प्रकाश उतरला. "प्रकाश!" "आहे." "प्रकाश!" "आहे."

मग शेजाऱ्याने दुरुस्तीला आणलेलं होडीचं इंजिन आपल्या अंगणात चालू केलं. धडधड इतकी, की मला उत्तर नीट ऐकू येईना. मी दोन हाका मारल्या. उत्तर आलं असेल, आवाजात बुडालं असेल, असं मी स्वतःला समजावलं. भीती वाटली तरी माणूस आधी आपली समजूत घालतो. मग मला दिसलं, की मधल्या भिंतीवरून येणारा इंजिनाचा धूर सरळ टाकीच्या तोंडात उतरतोय.

तिसरी हाक मारायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. बोंबील वाळत घालणाऱ्या मावशींनी माझं तोंड बघितलं. "काय झाला गो?" मी टाकीकडे बोट केलं. "नाव काय हाय त्याचा? आता कसली लाजतंस, बोल!"

मी कसंबसं पुटपुटले. मावशींनी टाकीत तोंड घालून अशी हाक मारली, की पलीकडे कुणीतरी इंजिन बंद केलं. आत कुठेतरी कण्हल्यासारखं झालं. मग सात-आठ बायका दोराला लागल्या आणि जाळं ओढावं तसं त्यांनी प्रकाशला वर घेतलं. वाळत्या बोंबलांशेजारी उन्हात त्याने डोळे उघडले आणि पोटातलं सगळं ओकून टाकलं.

मी दोर गुंडाळायला लागले. धंदा संपला, असं मी मनात म्हटलं. मावशी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"या आळीत नऊ टाक्या हायत. सगळ्या तुमीच करायच्या," त्या म्हणाल्या. "इंजिन कोन चालू करतो ते मी बघते. पन हाक तू नाय मारायची. तुजा आवाज खाली जात नाय. हाक आमी मारू."

अठरा आणि नऊ म्हणजे सत्तावीस; तीन दिवसांनी आम्ही आळीतल्या दुसऱ्या टाकीवर गेलो. आत हवा सोडायला पंखा आणि पाइप बरोबर होता. आळीतलं एकही इंजिन चालू नव्हतं. टाकीच्या तोंडाशी बायका कडं करून बसल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे, भिंतीला टेकून. प्रकाश उतरला.

"परकाश!" सगळ्या एकदम.

"आहे."

"परकाश!"

"आहे."

तिसऱ्या हाकेला उत्तर आलं नाही. बायकांनी दोराला हात घातला.

मग खालून शांतपणे आवाज आला, "मंगल कुठंय? तिला हाक मारू दे."

मावशी बाजूला सरकल्या. मी टाकीच्या कडेला दोन्ही हात टेकले, वाकले आणि हाक मारली, "प्रकाश."

"आहे," तो म्हणाला.